जीप कोणत्या सालची?

दहिसर 1957 साली बृहन्मुंबईत आलं. त्याआधी ते ठाणे जिल्ह्यातलं गाव होतं, आणि आमच्या तात्यांच्या लेखी ते अजून गावच आहे. चर्चगेटची लोकल पकडताना ते "मुंबईला जाऊन येतो" असंच सांगतात. तात्या म्हणजे माझ्या आजोबांचे धाकटे भाऊ. वय पंच्याऐंशीच्या पुढे, कान बरेच मंदावलेले, पण इंजिनाचा एक ठोका चुकला तर त्यांना पहिल्यांदा कळतं. घरच्या जीपची गोष्ट विचारली की ते रस्त्यापासून सुरुवात करतात. पश्चिमेला मिठागरं, पूर्वेला डोंगर नि दगडाच्या खाणी, मधून तुळशीकडून येणारी नदी. पावसाळ्यात खाणीच्या वाटेवर बैलगाडी आसापर्यंत रुतायची. चारही चाकांनी ओढणाऱ्या गाडीची गरज इथे कुणाला समजावून सांगावी लागत नव्हती.

त्यांनी लहानपणी पाहिलेली पहिली जीप डिस्पोजलची. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेत विलीज आणि फोर्ड या दोन कंपन्यांनी मिळून सुमारे 6 लाख 40 हजार जीपा बनवल्या. युद्ध संपलं तेव्हा हिंदुस्थानात उरलेल्या गाड्या लिलावात निघाल्या. आमच्या जीपचं काम करणारे मेस्त्री एक खूण सांगतात: फोर्डने आपल्या नट-बोल्टांवरसुद्धा इंग्रजी एफ उठवलेला असायचा. जुन्या गाडीचा बोल्ट हातात आला की ते आधी चिंधीने डोकं पुसतात आणि उजेडात धरतात. त्यांच्या उस्तादांनी त्यांना तसं शिकवलं होतं.

पण डिस्पोजलच्या गाड्यांवरच भागलं असतं, तर सुट्या भागांअभावी त्या केव्हाच भंगारात गेल्या असत्या. त्या तगल्या, कारण तीच गाडी मुंबईत बनू लागली. 1945 च्या ऑक्टोबरात जे. सी. आणि के. सी. हे महिंद्र बंधू आणि मलिक गुलाम मोहम्मद यांनी 'महिंद्रा अँड मोहम्मद' ही कंपनी काढली. फाळणी झाली आणि गुलाम मोहम्मद पाकिस्तानचे पहिले अर्थमंत्री झाले, पुढे गव्हर्नर जनरलही. 1948 मध्ये कंपनी 'महिंद्रा अँड महिंद्रा' झाली. 1947 मध्ये 75 जीपांचे सुटे भाग बोटीने आले होते. 1949 मध्ये माझगावात जोडणीचं काम उभं राहिलं. 1962 च्या सुमारास जीपचे 70 टक्के भाग देशी झाले. तात्या हा सगळा इतिहास एका वाक्यात सांगतात, "कंपनीचं अर्धं नाव पलीकडे गेलं, गाडी मात्र आपल्याकडे राहिली."

आमचे मोठे काका 'महिंद्रात' लागले. कांदिवलीचा तो कारखाना म्हणजे दहिसर-बोरिवलीच्या मराठी घरांचा एक आधार होता. मुलगा महिंद्रात आहे म्हटलं की मुलीकडचे लोक पुढे फारसं विचारत नसत. काका गिअरच्या खात्यात होते. आज मेट्रोने आकुर्लीवरून जाताना ते खिडकीकडे बोट करून पाळ्यांच्या वेळा सांगतात. त्यांच्यामुळे मला कळलं की आमच्या सीजे-3बी जीपचं बॉनेट असं उंच का. युद्धातल्या जीपच्या इंजिनात दोन्ही व्हॉल्व्ह ब्लॉकमध्ये बसत. नंतरच्या इंजिनात आत घेणारे व्हॉल्व्ह वर हेडमध्ये गेले, बाहेर टाकणारे खालीच राहिले. इंजिनाची उंची वाढली, ताकद वाढली आणि त्याला झाकायला बॉनेटही वाढवावं लागलं. अमेरिकेत हे मॉडेल 1968 मध्ये थांबलं. आपल्याकडे तोच सपाट मडगार्डांचा, उंच कपाळाचा चेहरा पुढे कितीतरी वर्षं कारखान्यातून बाहेर पडत राहिला. माझ्या मते जुन्या जीपा या देशात एवढ्या संख्येने चालत्या राहिल्या, त्यामागचं सर्वांत मोठं कारण हेच.

आमची गाडी सरकारी. कुठल्याशा खात्यात साहेबांना तालुक्या-तालुक्यातून फिरवून थकल्यावर ती लिलावात निघाली आणि आजोबांनी खाणीच्या कामासाठी घेतली. तात्या ती चालवायचे. मागे काँप्रेसर जोडून चढावर घ्यायचा, तर तीन दांडे वापरावे लागत: एक नेहमीच्या गिअरचा, दुसरा पुढची चाकं जोडायचा, तिसरा लो-हायचा. कुठला आधी, कुठला नंतर, हे त्यांचे हात आजही हवेत करून दाखवतात. थंडीत हॅण्डल मारून गाडी चालू करताना अंगठा बोटांच्याच बाजूला ठेवायचा, पलीकडे वळवायचा नाही. इंजिनाने उलटा झटका दिला तर मनगट जातं. हे मला त्यांनी गाडीला हात लावू देण्याआधी शिकवलं.

1973 च्या तेलसंकटानंतर पेट्रोल परवडेना. महाराष्ट्रभर पेट्रोल जीपा डिझेलवर जाऊ लागल्या. कुणी ट्रॅक्टरच्या घराण्यातलं इंजिन बसवलं, कुणी थांबून राहिलं. पुढे महिंद्राने फ्रान्सच्या प्यूजोशी करार केला, आणि 80 च्या दशकात इगतपुरीला 2112 सीसीचं डिझेल इंजिन तयार होऊ लागलं. आमच्या जीपमध्ये तेच आलं. मेस्त्री तेव्हा विशीतले होते. इंजिनाचे माउंटिंग त्यांनी स्वतः कापून, वेल्ड करून बसवले आणि आरसीवर बदल चढवून घेतला. 26 जुलै 2005 ला सांताक्रूझला 944 मिलिमीटर पाऊस पडला, दहिसर नदी वस्त्यांत शिरली. पेट्रोल गाड्यांच्या डिस्ट्रिब्युटरमध्ये पाणी गेलं की ठिणगी पडत नाही. डिझेलला ठिणगीच लागत नाही. गुडघाभर पाण्यातून ही जीप लो गिअरला माणसं आणत राहिली. आमच्या आळीत आजही लोक तिला त्या दिवसावरून ओळखतात.

आता ती एका शेडमध्ये खोलून ठेवली आहे. रविवारी दहिसर, बोरिवली, मीरा रोड, वसईहून आम्ही जमतो. कुणाकडे एमएम-540, कुणाकडे जबलपूरच्या आयुध कारखान्यातली जोंगा, एकाकडे खरीखुरी युद्धातली विलीज. भाग शोधायला कुर्ला, चोरबाजार. नाहीच मिळालं तर दिल्लीच्या काश्मिरी गेटहून मागवायचं. मेस्त्री स्टुलावर बसून पान्याने नव्हे, कानाने काम करतात. स्क्रूड्रायव्हरचं टोक बेअरिंगच्या घरावर, मूठ कानाला. "हे गेलं, ते अजून वर्ष काढेल." तसं कानावर पक्कं बसायला किती वर्षं लागतात, हे मी विचारलं होतं. त्यांनी उत्तर न देता स्क्रूड्रायव्हर माझ्या हातात दिला.

खरा वाद इंजिनावरून आहे. तरुण मंडळींचं म्हणणं, डिझेल काढा, 2199 सीसीचं मूळ पेट्रोल इंजिन शोधा, कार्ब्युरेटर बसवा, गाडी कारखान्यातून निघाली तशी करा. त्यांच्या हट्टामागे प्रेम आहे, आणि कायदाही त्यांच्या बाजूने आहे. 2021 च्या नियमांनुसार 50 वर्षांहून जुनी गाडी 'विंटेज' म्हणून नोंदवता येते, नंबरात व्हीए अक्षरं मिळतात, नव्या नोंदणीचे 20 हजार रुपये. अट एवढीच की गाडी मूळ रूपात हवी. चेसिस, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरबदल झालेला नको. या व्याख्येप्रमाणे आमची जीप विंटेज नाही.

मला हा नियम समजतो. एखाद्या वर्षाचा खरा नमुना जपायचा तर अशी रेघ कुठेतरी मारावीच लागते, आणि आमच्यातल्या त्या विलीजसाठी ती योग्यच आहे. तिचं सहा व्होल्टचं वायरिंगही मालकाने बदललेलं नाही. पण आमच्या गाडीला पुन्हा साठच्या दशकात नेऊन उभं करायचं, तर तेलसंकट पुसावं लागेल, इगतपुरी पुसावी लागेल, मेस्त्रींच्या विशीतलं ते वेल्डिंग ग्राइंडरने साफ करावं लागेल. 26 जुलैला ज्यांना तिने नेलं ते विचारतील, आमची जीप कुठे आहे? कारखान्याने तिला एकदा बनवलं. त्यानंतर खाणीने, पेट्रोलच्या भावाने, पुराने आणि दहिसरच्या माणसांनी तिला बनवलं. हा सगळा काळ तिच्या अंगावर आहे आणि मला तो ठेवायचा आहे. गंजलेला पत्रा बदलू, पाटे पुन्हा कमानीत आणू, सगळी ऑइल सीलं नवी घालू. माउंटिंगना हात लावायचा नाही, आणि व्हीए नंबरासाठी अर्ज करायचा नाही, असं ठरलं. दर पाच वर्षांनी आरटीओत फिटनेसला उभी राहील, ग्रीन टॅक्स भरेल आणि रस्त्यावर चालेल.

सध्या काम ब्रेकच्या पाइपापाशी अडलं आहे. काका म्हणतात, कारखान्यात तो चेसिसच्या आतल्या बाजूने नेत. तात्या म्हणतात, लिलावातून आली तेव्हा तो बाहेरून होता, खाणीत दोनदा दगड लागून फुटला म्हणून त्यांना पक्कं आठवतं. येत्या रविवारी दोघांनाही शेडमध्ये बोलावलं आहे. चेसिसवर जुन्या क्लिपांची भोकं दोन्ही बाजूंना आहेत.