करभार आणि ऐपत

धनिक व निर्धन यांच्यातील अंतर कराच्या योगाने कमी करता येईल काय, हा प्रश्न अर्थशास्त्रज्ञांचा मानला जातो. परंतु त्याचे उत्तर शोधण्यास जाडजूड ग्रंथच चाळले पाहिजेत असे नाही. ज्यास 2024 पर्यंत अहमदनगर म्हणत व आता अहिल्यानगर म्हणतात, त्या आमच्या जिल्ह्याचा चारशे वर्षांचा इतिहास पाहिला तरी पुष्कळ बोध होतो. ऐपत पाहून घेतलेला कर विषमता कमी करू शकतो. ऐपत न पाहता घेतलेला कर मात्र नवी विषमता निर्माण करितो, असे हा इतिहास सांगतो.

प्रथम निजामशाहीचा काळ घेऊ. 1600 साली मोगलांनी नगरचा किल्ला घेतला. त्यानंतर मोडकळीस आलेले राज्य मलिक अंबर याने 1626 मध्ये मृत्यू येईपर्यंत सावरून धरिले. त्याची कीर्ती गनिमी काव्याबद्दल आहे. पण रयतेच्या आठवणीत तो राहिला तो साऱ्याच्या व्यवस्थेमुळे. पूर्वी वसुलीचा मक्ता देत. मक्तेदार सरकारात ठरीव रक्कम भरी आणि रयतेकडून हवी तेवढी उकळी. अंबराने मक्त्याची चाल मोडली, जमिनीची प्रतवारी केली आणि पिकाच्या मानाने सारा ठरविला. सरकारची मागणी उत्पन्नाच्या मागून चालावी, त्याच्यापुढे धावू नये, हे या व्यवस्थेचे मर्म होते.

इंग्रजी अमदानीत गोल्डस्मिड व विंगेट यांनी 1836 च्या सुमारास इंदापूर तालुक्यापासून नव्या बंदोबस्तास आरंभ केला, आणि तीच पद्धत पुढे आमच्या जिल्ह्यात आली. जमिनीचा कस पाहून एकरी आकार ठरे व तो तीस वर्षे कायम राही. व्यवस्था टापटिपीची होती, हे मान्य केले पाहिजे. परंतु तीत दोन उणिवा होत्या. एक, सारा रोख व ठरलेल्या हप्त्यानेच द्यावा लागे. आणि पारनेर-कर्जतकडचा पाऊस सरकारी हप्त्यांचे वेळापत्रक पाहून पडत नाही. दुसरी, सारख्या कसाच्या जमिनीस पाच एकरांच्या कुणब्याला आणि पाचशे एकरांच्या धन्याला एकरी दर एकच.

पीक बुडाले की कुणबी सावकाराच्या ओट्यावर जाई, खत लिहून देई आणि त्या पैशाने सरकारचा हप्ता भरी. अमेरिकेतील 1861 ते 1865 च्या यादवी युद्धामुळे कापसाचे भाव चढले, तेव्हा कर्जही सुलभ मिळाले. पुढे भाव कोसळले, आणि त्याच सुमारास फेरआकारणीने दख्खनच्या कित्येक भागांत सारा वाढला. येथे एक तारीख ध्यानात ठेवण्याजोगी आहे. 1860 साली सुरू झालेला, मध्यंतरी बंद पडून 1869 मध्ये पुन्हा आलेला प्राप्तीवरील कर सरकारने 1873 मध्ये उठविला. म्हणजे नापीक वर्षी कर्ज काढणाऱ्या कुणब्यास सारा चुकला नाही, आणि त्या कर्जावरील व्याजाच्या मिळकतीवर मात्र प्राप्तिकर राहिला नाही. कराच्या या रचनेनेच एकाची जमीन दुसऱ्याच्या पेटीत नेऊन घातली.

12 मे 1875 रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे येथे उठाव झाला आणि तो पारनेर, श्रीगोंदे, नगर व कर्जत या तालुक्यांत पसरला. लोकांचा सारा रोख खतांवर व रोख्यांवर होता. कागद हाती लागले की ते जाळीत. सरकारने चौकशीस कमिशन नेमले, आणि 1879 साली पुणे, सातारा, सोलापूर व नगर या चार जिल्ह्यांसाठी शेतकऱ्यांच्या संरक्षणाचा कायदा केला. प्राप्तिकर कायमचा आला तो 1886 मध्ये. पाचशे रुपयांखालील वार्षिक उत्पन्नास त्यात माफी होती. दोन हजारांपर्यंत रुपयास चार पै आणि पुढे पाच पै असा दर होता. चढत्या कराची ही पायरी अगदीच ठेंगणी होती, पण पायरी होती.

आता शंभर वर्षे पुढे येऊ. 1972 च्या दुष्काळात नगर जिल्हा होरपळला. खडी फोडण्याच्या व पाझर तलावांच्या कामांवर राज्यात सुमारे पन्नास लाख माणसे होती. त्याआधीच वि. स. पागे यांनी रोजगार हमीची कल्पना मांडली होती. तिचा कायदा 1977 मध्ये झाला व 26 जानेवारी 1979 पासून अमलात आला. पैसा कोठून आणावयाचा? 1975 साली महाराष्ट्राने नोकरदार व व्यावसायिकांवर व्यवसाय कर बसविला आणि तो या कामासाठी राखला. त्याच्या जोडीस सरकारने तितकीच रक्कम घालावयाची होती. मुंबईच्या पगारातून निघालेला रुपया अशा रीतीने माळरानावरील मजुराच्या हाती पडू लागला. ज्या नगर तालुक्यात 1875 साली खते जळली, त्याच तालुक्यातील हिवरे बाजार येथे 1990 नंतर पाणलोटाच्या कामांस रोजगार हमीचा पैसा लागला, आणि पोटासाठी गाव सोडून गेलेली कुटुंबे परत आली.

परंतु या करासही एक जुना दोष चिकटलेला आहे. घटनेच्या 276 व्या कलमाने त्यास वार्षिक 250 रुपयांची मर्यादा घातली होती; 1988 च्या दुरुस्तीने ती 2500 झाली, आणि अद्याप तेवढीच आहे. त्रैराशिक मांडून पाहा. दरमहा तीस हजार मिळविणारा कारकून 2500 रुपये भरतो, म्हणजे शेकडा सुमारे 69 पैसे. दरमहा तीस लाख मिळविणारा व्यवस्थापकही 2500 च भरतो. त्याचा भार शेकडा एक पैसादेखील होत नाही. पाच एकर व पाचशे एकर यांस एकच दर, हा जुना न्याय निदान एकरांच्या प्रमाणात तरी चाले. येथे प्रमाणही उरले नाही.

यावर कोणी म्हणेल की, चढे दर आपण करून पाहिले. ते खरे आहे. 1973-74 मध्ये प्राप्तिकराचा सर्वोच्च दर अधिभारासह शेकडा 97.75 होता, तेव्हा पैसा लपविण्याकडेच लोकांची बुद्धी धावली. 1953 चा मृत्युकर 1985 मध्ये गेला, 1957 चा संपत्तिकर 2015 मध्ये रद्द झाला. दोहोंचे उत्पन्न अल्पच होते. पण यावरून एवढेच सिद्ध होते की, दर असा असावा की जो वसूल होईल, आणि वसूल झालेला पैसा कोठे गेला हे भरणाऱ्यास दिसावे. चढत्या कराचे तत्त्व त्याने खोटे ठरत नाही.

आपल्यापैकी अनेकांच्या घरी पगाराचे पत्रक येते. त्यात व्यवसाय कराचे दरमहा दोनशे, व फेब्रुवारीत तीनशे रुपये कापलेले असतात. ते भरताना कुरकुर करण्याचे कारण नाही. दुष्काळी गावाशी आपला तो एक धागा आहे. कुरकुर करावयाचीच तर ती याबद्दल करावी की, आपल्याहून शंभरपट मिळविणाऱ्याचा धागाही तेवढाच बारीक का ठेवला आहे. ही मर्यादा संसदेने एकदा बदलली आहे; लोकांनी मागणी केली, तर ती पुन्हा बदलता येईल.