तारेचे टोक आणि मोबाइलचे भोक

मी महाविद्यालयात इतिहास शिकवतो. तरुणपणी चार-पाच वर्षे गिटार हातात धरली होती, तेवढ्या भांडवलावर आमची मुले मला त्या वाद्यातला जाणकार समजतात. स्नेहसंमेलन जवळ आले की कुणाची तार तुटलेली, कुणाची खुंटी सैल झालेली, अशी वर्दळ माझ्या खोलीत सुरू होते.

दोन वर्षांपूर्वी असाच एक विद्यार्थी आला. शेतकऱ्याचा मुलगा. सुट्टीत द्राक्षबागेत मजुरी करून त्याने साडेतीन हजार रुपये जमवले होते, आणि त्या पैशांत गिटार मोबाइलला जोडण्याची डबी विकत आणली होती. तिला ऑडिओ इंटरफेस म्हणतात. बाजारात साउंड कार्डही म्हणतात. डबी ठीक, मोबाइल ठीक, गिटारही ठीक. पण आवाज म्हणून येईना. मी गिटार हातात घेऊन उलटीसुलटी पाहिली आणि विचारले, "अरे, हिला वायर लावायला भोक कुठंय?" तो म्हणाला, "सर, भोक नाहीच. दुकानदार म्हणाला, कुठल्याही गिटारला चालतं." डबीचे खोके फोडलेले असल्यामुळे दुकानदार ती परत घेईना.

तो मुलगा गेल्यावर मला वाटले, यात त्याचा दोष नाही. या डबीचा इतिहास त्याला कुणी सांगितलाच नव्हता. तुम्ही म्हणाल, एवढ्याशा डबीला कसला आलाय इतिहास? पण तिचा इतिहास जवळजवळ दोनशे वर्षांचा आहे, आणि तो ठाऊक असला तर आपले पैसे वाचतात. आज तोच सांगायचा आहे.

इंग्लंडमध्ये मायकेल फॅरेडे यांनी १८३१ साली दाखवून दिले की, तारेच्या वेटोळ्याजवळ चुंबकीय क्षेत्र बदलत राहिले तर त्या तारेत वीज उत्पन्न होते. आपल्या शिक्षकमित्रांनी हा प्रयोग वर्गात कित्येकदा केला असेल. पण तो गिटारच्या कामी यायला शंभर वर्षे लागली. गिटार हे मूळचे हळू आवाजाचे वाद्य. १९२०च्या सुमारास अमेरिकेत नाचाच्या कार्यक्रमांत पितळी वाद्यांचे मोठे ताफे वाजू लागले, आणि त्या गदारोळात बिचारी गिटार ऐकूच येईना. मांडीवर आडवी ठेवून वाजवायच्या हवाईयन गिटारचे तेव्हा तिकडे मोठे वेड होते. ती गिटार वाजवणारे जॉर्ज बोशॅम्प यांनी लॉस एंजेलिस येथे ॲडॉल्फ रिकनबॅकर यांच्या साथीने १९३१ साली एक वाद्य घडवले. अंग ॲल्युमिनियमचे, गोल आणि चपटे. त्याला लांब दांडा. लोकांनी त्याला नाव दिले 'फ्राइंग पॅन', म्हणजे चक्क तळणीचा तवा! १९३२ पासून तो विकला जाऊ लागला आणि १९३७ साली त्याचे पेटंट मिळाले.

या तव्यात नवे काय होते? पोलादी तारांभोवती चुंबक आणि तारांखाली अतिशय बारीक तांब्याच्या तारेचे हजारो वेढ्यांचे वेटोळे. यालाच 'पिकअप' म्हणतात. तार थरथरली की चुंबकीय क्षेत्र हलते आणि वेटोळ्यात वीज येते. लक्षात घ्या, हे वेटोळे लाकडाचा आवाज ऐकत नाही, ते पोलादाचे थरथरणे ऐकते. म्हणून नायलॉनच्या तारा लावलेल्या गिटारला ते मुके असते. तिच्यासाठी आणि साध्या लाकडी गिटारसाठी घोडीखाली किंवा पोटाला चिकटवून बसवायचा दुसऱ्या जातीचा पिकअप मिळतो. तो चुंबकावर नव्हे, दाबावर वीज देतो. पण कुठला ना कुठला पिकअप हवाच. तो नसेल तर गिटारमधून वीजच निघत नाही, आणि मग डबीने तरी काय करावे?

जाता जाता सांगतो, ही मांडीवरची गिटार आपल्या देशातही चांगली रुजली. ब्रिजभूषण काबरा यांनी तिच्यावर राग वाजवले. १९६७च्या 'कॉल ऑफ द व्हॅली' या ध्वनिमुद्रिकेत शिवकुमार शर्मांचा संतूर आणि हरिप्रसाद चौरसियांची बासरी यांच्या जोडीला काबरांचीच गिटार आहे.

आता दुसरी गोष्ट. पिकअपमधून येणारी वीज फार दुबळी असते. उन्हाळ्यातला क्षीण झरा डोळ्यांपुढे आणा. त्याला रुंद, फुटका पाट जोडला तर पाणी शेतापर्यंत पोहोचेल काय? झऱ्याला जपून पाणी नेणारी वाट हवी. विजेच्या भाषेत म्हणजे पुढच्या यंत्राचा रोध खूप मोठा हवा, म्हणजे ते यंत्र झऱ्यातून कमीत कमी ओढून घेते. कॅलिफोर्नियातील फुलरटन गावी लिओ फेंडर यांनी १९५० साली भरीव लाकडाची विद्युत गिटार बाजारात आणली. तीच पुढे टेलिकास्टर नावाने प्रसिद्धीस आली. फेंडर यांचे व्हॉल्व्हचे ॲम्प्लिफायरही तितकेच गाजले. त्या ॲम्प्लिफायरच्या तोंडाशी रोध असे दहा लाख ओहम. गिटारसाठी हा आकडा आजही प्रमाण मानला जातो. उलट मोबाइलला माइक जोडायची जी वाट असते, तिथला रोध काही हजार ओहमांचाच. तिथे गिटार सरळ जोडली तर आवाज दबतो, तारेची धार आणि झणकार नाहीसा होतो. घोंगडीखालून वाजवल्यासारखे वाटते. म्हणून डबी घेताना तिच्या भोकावर 'इन्स्ट्रुमेंट' किंवा 'हाय-झी' असे लिहिले आहे की नाही, ते आधी पाहावे. नुसते 'लाइन' किंवा 'माइक' लिहिलेले असेल तर ती गिटारची डबी नव्हे.

तिसरी गोष्ट आकड्यांची. मोबाइलला आवाज कळत नाही, त्याला फक्त आकडे कळतात. आवाजाचे आकडे करण्याची कल्पना ॲलेक रीव्ज या इंग्रज अभियंत्याला १९३७ साली पॅरिसमध्ये सुचली. दूरच्या टेलिफोनमध्ये खरखर वाढत जाई. त्यावर त्यांनी शोधलेला हा उपाय. आवाजाची लाट थोड्या थोड्या वेळाने मोजायची आणि मापे पाठवायची. पलीकडे त्या मापांवरून लाट पुन्हा उभी करायची. किती वेळा मोजले म्हणजे पुरे? आवाजातल्या सर्वांत वरच्या कंपनसंख्येच्या दुपटीहून अधिक वेळा, हे अमेरिकेत क्लॉड शॅनन यांनी १९४९ साली गणिताने मांडले. माणसाचा कान सुमारे वीस हजार कंपनांपर्यंत ऐकतो. म्हणून १९८२ साली सीडी आली तेव्हा तिच्यात सेकंदाला ४४,१०० मापे घेण्याचे ठरले. प्रत्येक माप १६ बिटांचे, म्हणजे ६५,५३६ पायऱ्यांपैकी एक.

आजच्या डबीवर '२४ बिट' लिहिलेले असले तर चांगलेच. आवाज जरा हळू भरला गेला तरी तो मागाहून वाढवता येतो. पण '९६' किंवा '१९२' असे मोठे आकडे छापलेले पाहून जादा पैसे मोजू नका. घरी बसून गाणे भरण्यासाठी ४४.१ किंवा ४८ हजार मापे भरपूर झाली.

इथवर गिटारची बाजू झाली. आता मोबाइलची बाजू पाहू, आणि इतिहासाचा खरा धडा इथेच आहे. ॲपल कंपनीचा आयफोन २००७ साली आला. २०१० साली इटलीतील मोडेना येथील आयके मल्टिमीडिया या कंपनीने 'आयरिग' नावाची छोटी डबी काढली. ती मोबाइलच्या गोल भोकात बसे. कानात जाणारा आवाज आणि गिटारचा येणारा आवाज दोन्ही एकाच खुंटीतून जात-येत, त्यामुळे आवाज फार चढवला की जाणारा आवाज येणाऱ्यात झिरपे आणि शिट्टी वाजू लागे. तरी हजारो मुलांच्या खिशात ॲम्प्लिफायर आला, हे काय थोडे झाले? २०११ साली अपोजी कंपनीची 'जॅम' ही डबी आली. ती आपल्या पोटातच आवाजाचे आकडे करून मोबाइलला देई, म्हणून शिट्टीचा तो प्रश्नच उरला नाही. पण २०१२ साली आयफोनचे खालचे रुंद भोक बदलून अरुंद झाले. २०१६ साली आयफोन-७ मधून गोल भोक काढूनच टाकले. २०२३ साली आयफोन-१५ ला यूएसबी-सी हे भोक आले. अँड्रॉइडच्या फोनांनाही आधी मायक्रो-यूएसबी होते, मग सी आले. बाहेरून अशी यूएसबी डबी जोडण्याची सोय अँड्रॉइडमध्ये २०१४ साली पाचव्या आवृत्तीपासून झाली.

याउलट गिटारकडचे टोक पाहा. पाव इंच जाडीचा तो जॅक मूळचा एकोणिसाव्या शतकातल्या टेलिफोन एक्सचेंजमधला. दोन माणसांचे बोलणे जोडून देण्यासाठी ऑपरेटर तो बोर्डात खोचत असत. तोच आजही गिटारमध्ये बसतो. म्हणजे डबीचे एक टोक शतकभराहून अधिक काळ स्थिर आहे, आणि दुसरे दर चार-पाच वर्षांनी बदलते आहे! तेव्हा शहाणपण कशात आहे? स्थिर टोकासाठी चांगली डबी घ्यावी, आणि बदलत्या टोकाला फक्त वायर बदलता येईल अशी सोय पाहावी. जिची वायर डबीतच कायमची जखडलेली आहे, तिचे आयुष्य फोनच्या भोकाएवढेच.

शेवटची गोष्ट विलंबाची. आवाज डबीत जातो, त्याचे आकडे होतात, फोन त्यांवर संस्कार करतो आणि मग तो आपल्या कानी येतो. याला वेळ लागतो. हवेत आवाज एका सेकंदात सुमारे ३४३ मीटर जातो. तेव्हा दहा मिलिसेकंदांचा उशीर म्हणजे तबलजी आपल्यापासून साडेतीन मीटरवर बसल्यासारखे, तेवढे चालते. पण दीडशे मिलिसेकंद म्हणजे तबलजी पन्नास मीटरवर, शेताच्या पार बांधाला! त्याच्याबरोबर सम कशी गाठणार? ब्लूटूथच्या बिनतारी हेडफोनमध्ये असाच मोठा उशीर होतो. म्हणून वाजवताना हेडफोन वायरचाच घ्यावा, आणि तो डबीलाच जोडता येतो का, हेही पाहावे. अँड्रॉइड फोनांत उशीर फोनाफोनाला वेगळा असतो. सबब आपला स्वतःचा फोन दुकानात नेऊन वाजवून पाहणे, हीच खरी परीक्षा. काही डब्यांत फोनकडे न जाता सरळ कानात आवाज देण्याची सोय असते. तिने उशीर टळतो. मात्र मग फोनने चढवलेला साज ऐकू येत नाही, हे ध्यानात ठेवावे.

आता त्या मुलाचे काय झाले, हे तुम्ही विचारालच. आम्ही काही शे रुपयांचा चिकटवायचा पिकअप आणून त्याच्या गिटारला बसवला. डबी बोलू लागली. संमेलनात तो छान वाजवून गेला. त्याचे वडील मागच्या रांगेत उभे राहून ऐकत होते. पण पुढच्या वर्षी त्याचा फोन बिघडला. नव्या फोनला गोल भोक नव्हते, आणि डबीची वायर तर डबीतच पक्की. मध्ये जोड लावून पाहिला. आवाज आला, पण खरखरीसकट. पुन्हा द्राक्षबाग, पुन्हा मजुरी. पहिल्या चुकीला मी नव्हतो. पण पिकअप बसवताना ती जखडलेली वायर माझ्या डोळ्यांसमोर होती आणि मी त्याला सावध केले नाही. ती रुखरुख मला आहे.

म्हणून शिक्षकमित्रांनो आणि पालकांनो, तुमच्याकडे असा एखादा मुलगा किंवा मुलगी आली, तर दुकानात जाण्यापूर्वी त्यांना पाचच प्रश्न विचारा. गिटारला पिकअप आहे का? डबीवर 'इन्स्ट्रुमेंट' लिहिलेले भोक आहे का? वायर सुटी होते का, आणि आपल्या फोनच्या भोकाची मिळते का? वेगळा ड्रायव्हर न घालता ती आपल्या फोनवर चालते का? आणि वायरचा हेडफोन लावून, आपल्या फोनवर वाजवताना उशीर जाणवतो का? पाचांची उत्तरे मिळाली की मगच खिशात हात घालावा. खोके फोडायच्या आधी विचारलेला प्रश्न फुकट असतो. नंतर विचारला तर त्याला एका सुट्टीची मजुरी पडते.