फिरता सुवार्तिक आणि गावचा पाळक



धर्मकार्याचा इतिहास लिहिताना सुवार्तिकाने किती गावे पाहिली, किती सभा घेतल्या, याचीच मोजदाद होते. तो पुढच्या मुक्कामी निघून गेल्यावर मागे उरलेल्या लहानशा मंडळीला आणि तिच्या पाळकाला त्याने काय दिले, हा प्रश्न क्वचितच विचारला जातो. रेव्हरंड नारायण वामन टिळक यांच्या चरित्राकडे या प्रश्नाच्या अनुरोधाने पाहावे, असा माझा आजचा मनोदय आहे.

या कथेचा एक धागा आपल्याच मुलखातून जातो. बंगालमधील श्रीरामपूर येथे बॅप्टिस्ट मिशनरी विल्यम कॅरे यांनी १८०५ मध्ये मराठी व्याकरण आणि १८११ मध्ये मराठी नवा करार प्रसिद्ध केला. त्यांचे साहाय्यक वैजनाथ पंडित हे नागपूरकडचे होते. कॅरे महाराष्ट्रात कधी आले नाहीत. प्रवास केला तो ग्रंथांनी. पुढे १८९३ च्या सुमारास नागपूरहून गोंदियावरून राजनांदगावास जाणाऱ्या गाडीत एका सहप्रवाशाने टिळकांच्या हाती नवा करार ठेवला.  त्यानंतरचे वाचन, विशेषतः गिरिप्रवचनाचे मनन, आणि त्यापायी भोगावे लागलेले क्लेश हे सर्वस्वी टिळकांचे होते. १० फेब्रुवारी १८९५ रोजी त्यांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला, तोही स्वतःच्या इच्छेने भारतीय पाळकाच्या हस्ते. या निर्णयापायी पत्नी लक्ष्मीबाई यांच्याशी झालेली ताटातूट काही वर्षे टिकली. १९०० मध्ये त्यांनीही बाप्तिस्मा घेतला.

पुढे टिळकांचे कार्यक्षेत्र झाले अहमदनगर, म्हणजे आजचे अहिल्यानगर. तेथे १८५४ मध्येच हरी रामचंद्र खिस्ती व रामकृष्ण विनायक मोडक यांना पाळकपदाची दीक्षा मिळाली होती. कृष्णराव सांगळे यांनी ख्रिस्ती कीर्तनाची वाटही घालून दिली होती. तरीही उपासनेतील अनेक गीते इंग्रजी चालींची आणि भाषांतराच्या वळणाची होती. खेड्यातील पाळक बहुधा दलित समाजातून आलेला, तुटपुंज्या वेतनावर राबणारा. परकी चाल गळ्यात बसवण्याचे ओझेही त्याच्यावरच पडे.

टिळकांनी ईश्वरविज्ञानाच्या विद्यालयात अध्यापन केले, १९०४ मध्ये स्वतः दीक्षा घेतली आणि १९१२ पासून ‘ज्ञानोदया’च्या मराठी विभागाचे संपादन पाहिले. परंतु गावोगावच्या पाळकांसाठी त्यांची सर्वांत मोठी देणगी होती ती त्यांची भजने, अभंग आणि कीर्तने. शंभराहून अधिक गीते त्यांनी रचली. टाळ-मृदंगाच्या साथीवर ती कोणत्याही पारावर म्हणता येत. ज्या भाषेत आईने ओव्या गायिल्या, त्याच भाषेत उपदेश करता येतो, हा आत्मविश्वास त्या पाळकाला लाभला. आर्थिक साहाय्य आटते आणि पाहुणा परततो. मुखोद्गत झालेले भजन मात्र मंडळीच्या मालकीचे होते.

१९१७ मध्ये टिळकांनी मिशनची नोकरी सोडली आणि ‘देवाचा दरबार’ स्थापिला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले अशा दोहोंना त्यात स्थान होते. ही कल्पना अनेक धर्मबंधूंना रुचली नाही. ९ मे १९१९ रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले आणि दरबाराची वाढ खुंटली. संस्था खुंटली, पण गीते टिकली. मराठी मंडळ्यांच्या उपासनेत ती आजही गायिली जातात. टिळकांच्या कार्याचे मोल यावरूनच ठरवावे, असे माझे मत आहे.

माजी विद्यार्थ्यांना शेवटी एक विनंती आहे. बालाघाट, वारासिवनी, बैहर या भागांतील ज्या कुटुंबांत वा मंडळ्यांत जुन्या भजनवह्या आणि दप्तरे असतील, त्यांची नक्कल करून ठेवावी.  गावच्या पाळकांची नावे अद्याप वाचवता येतील, आणि ते काम आपल्या हातचे आहे.