परंगीमलैचं दार : कॉलेजातून सैन्याधिकारी होण्याची शंभर वर्षं

चेन्नईच्या विमानतळाजवळ एक लहानशी टेकडी आहे. इंग्रजीत तिला सेंट थॉमस माउंट म्हणतात, तमिळमध्ये परंगीमलै. मलै म्हणजे डोंगर आणि परंगी म्हणजे आपला ‘फिरंगी’च. याच परिसरात ऑफिसर्स ट्रेनिंग अकॅडमी आहे. बारावीनंतर सैन्यात जायचं तर खडकवासल्याची एनडीए, हे महाराष्ट्रात घरोघरी ठाऊक असतं. पण पदवीपर्यंत शिकलेल्या, कॉलेजात एनसीसीचा गणवेश घातलेल्या मुलामुलींपैकी अनेकांचा रस्ता या चेन्नईच्या टेकडीकडे जातो.

आज आपण हा रस्ता कसा तयार झाला ते पाहणार आहोत. त्याबरोबर आणखी एक गोष्ट तपासायची आहे. सैन्याने कॉलेजच्या मुलांना बोलावलं ते नेमकं केव्हा, आणि कोणत्या अटींवर?

सुरुवात करू पहिल्या महायुद्धापासून. १९१७ साली ब्रिटिशांना माणसं कमी पडत होती. त्या वर्षी विद्यापीठांमध्ये ‘युनिव्हर्सिटी कोअर’ उभी राहिली. कॉलेजच्या मुलांना कवायत आणि बंदूक शिकवायला सरकार प्रथमच तयार झालं. कलकत्त्यात स्कॉटिश चर्च कॉलेजचा एक विद्यार्थी या लष्करी शिक्षणात मनापासून रमला. त्याचं नाव सुभाषचंद्र बोस.

त्याच सुमारास मद्रासच्या प्रेसिडेन्सी कॉलेजात कुर्गचा एक तरुण शिकत होता. हिंदी मुलांना अधिकारी म्हणून घेणार, अशी बातमी त्याला कळली. त्याने अर्ज केला, इंदूरच्या डॅली कॅडेट कॉलेजात त्याची निवड झाली आणि १ डिसेंबर १९१९ रोजी त्याला कमिशन मिळालं. हे म्हणजे के. एम. करिअप्पा, १५ जानेवारी १९४९ रोजी झालेले आपले पहिले भारतीय सरसेनापती.

पण इंदूरची ती संस्था किती टिकली? युद्ध संपलं, एक तुकडी बाहेर पडली आणि संस्था बंद झाली. त्याच काळातलं आपल्याकडचं उदाहरण घ्या. १९१७ मध्येच महार जवानांची १११वी पलटण उभी केली होती. युद्धानंतर तीही मोडीत काढली. आपल्याकडे म्हण आहेच : गरज सरो, वैद्य मरो.

विद्यापीठांतली संघटना मात्र टिकली. १९२० मध्ये ती ‘युनिव्हर्सिटी ट्रेनिंग कोअर’ झाली. दुसऱ्या महायुद्धात पुन्हा अधिकारी कमी पडू लागले, तेव्हा १९४२ मध्ये तिच्या नावात ‘ऑफिसर्स’ हा शब्द घातला गेला. नावातच सरकारची निकड दिसते. १९४१ साली महार रेजिमेंटही पुन्हा उभी राहिली, ती बेळगावला. त्यासाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी सरकारकडे आग्रह धरला होता. ही रेजिमेंट मात्र युद्धानंतरही राहिली. तिचं नाव आपल्या गोष्टीत पुन्हा येणार आहे.

स्वातंत्र्याच्या उंबरठ्यावर पंडित हृदयनाथ कुंझरू यांच्या समितीने विचार केला, की विद्यार्थ्यांचं लष्करी शिक्षण फक्त युद्धापुरतं का असावं? त्यांच्या अहवालातून १९४८ चा एनसीसी कायदा झाला आणि १५ जुलै १९४८ पासून एनसीसी सुरू झाली. पुढच्याच वर्षी मुलींचा विभागही आला. या कायद्यातली एक गोष्ट महत्त्वाची आहे. एनसीसीत गेलं म्हणून सैन्यात जायची सक्ती नाही. विद्यार्थ्याने शिकावं, स्वतःला अजमावावं आणि मग ठरवावं.

मग आलं १९६२. चीनच्या युद्धानंतर सैन्य झपाट्याने वाढवायचं ठरलं. शिपाई काही महिन्यांत भरता येतात, पण त्यांना घेऊन जाणारा तरुण अधिकारी आणायचा कुठून? डेहराडूनची अकॅडमी एकटी पुरणार नव्हती. म्हणून दोन नव्या शाळा काढल्या, एक आपल्या पुण्यात आणि दुसरी मद्रासला, परंगीमलैच्या पायथ्याशी. १९६३ मध्ये मद्रासची ऑफिसर्स ट्रेनिंग स्कूल सुरू झाली. त्याच वर्षी कॉलेजात एनसीसी सक्तीची झाली. ती सक्ती १९६८ मध्ये उठली.

या शाळांतून बाहेर पडणाऱ्यांना ‘इमर्जन्सी कमिशन’ मिळे. शिकून नोकरीला लागलेली, कॉलेजातून नुकती बाहेर पडलेली मुलं थोड्या महिन्यांच्या प्रशिक्षणानंतर सीमेवर गेली. १९६५ चं युद्ध यांच्यातल्या अनेकांनी लढलं. पुढे गरज ओसरली आणि त्यांच्यातल्या बऱ्याच जणांना टप्प्याटप्प्याने घरी पाठवण्यात आलं. तिशीच्या आसपासचा माणूस, हातात पेन्शन नाही, बरोबरीचे मित्र नोकरीत पुढे गेलेले. शेवटी सरकारला त्यांच्यासाठी नागरी सेवांमध्ये जागा राखून ठेवण्याचे नियम करावे लागले.

पुण्याची शाळा लवकरच बंद झाली, मद्रासची राहिली. १९६५ पासून तिथे ‘शॉर्ट सर्व्हिस कमिशन’चे अधिकारी घडू लागले. ठरावीक वर्षांची नोकरी, नंतर निवड झाली तर कायम. १ जानेवारी १९८८ पासून शाळेचं नाव अकॅडमी झालं.

या संस्थेने काय दिलं हे पाहायचं तर रामस्वामी परमेश्वरन यांच्याकडे पाहावं. जन्म मुंबईचा, १९४६ चा. शिक्षण सायनच्या एसआयईएसमध्ये, १९६८ मध्ये विज्ञानाची पदवी. मद्रासमध्ये प्रशिक्षण घेऊन जून १९७२ मध्ये ते अधिकारी झाले आणि रेजिमेंट मिळाली ती महार. २५ नोव्हेंबर १९८७ च्या रात्री श्रीलंकेत शोधमोहिमेहून परतताना त्यांच्या तुकडीवर दबा धरून हल्ला झाला. मेजर परमेश्वरन यांनी शत्रूला मागून वेढा घातला. हातघाईत छातीत गोळी लागली. त्याच अवस्थेत त्यांनी समोरच्याची रायफल हिसकावून त्याला ठार केलं आणि शेवटच्या श्वासापर्यंत ते हुकूम देत राहिले. त्यांना मरणोत्तर परमवीर चक्र मिळालं. सायनच्या कॉलेजातला एक पदवीधर आणि एकदा मोडून पुन्हा उभी राहिलेली रेजिमेंट. यातलं कुणीही ‘तात्पुरतं’ लढलं नाही.

तात्पुरतेपणाचा हा प्रश्न पुढे मुलींनी ऐरणीवर आणला. १९९२ मध्ये याच अकॅडमीत २५ मुलींची पहिली तुकडी दाखल झाली आणि मार्च १९९३ मध्ये त्या अधिकारी झाल्या. मुदत होती फक्त पाच वर्षांची. ती वाढत वाढत चौदापर्यंत गेली, पण पुरुष सहकाऱ्यांना मिळणारी कायम नोकरीची संधी मिळेना. अधिकाऱ्याला पेन्शनसाठी साधारण वीस वर्षं सेवा लागते. म्हणजे चौदा वर्षं देऊनही त्या बाहेर. २००३ पासून न्यायालयात भांडण चाललं. १७ फेब्रुवारी २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला, की महिला अधिकाऱ्यांचाही कायम कमिशनसाठी विचार झाला पाहिजे आणि नेतृत्वाच्या जागांवर त्यांना सरसकट बंदी घालता येणार नाही.

आता आजचं चित्र. एनसीसीचं ‘सी’ सर्टिफिकेट किमान ‘बी’ श्रेणीत आणि पदवीला किमान ५० टक्के गुण असतील, तर एनसीसी स्पेशल एन्ट्रीतून लेखी परीक्षा न देता थेट एसएसबीला जाता येतं. तिथे पाच दिवस मानसशास्त्रीय चाचण्या, गटातली कामं, मुलाखत. मग वैद्यकीय तपासणी. निवड झाली की चेन्नईत ४९ आठवडे. सेवा दहा वर्षांची, चार वर्षांनी वाढू शकणारी.

तयारी करून घेणारे क्लास गावोगावी निघाले आहेत. ते आत कसं जायचं ते शिकवतात. या शंभर वर्षांतून आपण आणखी एक प्रश्न विचारायला शिकायला हवं : दहा वर्षांनी बाहेर पडावं लागलं, तर माझ्या हातात काय असेल? तो प्रश्न विचारल्याने देशप्रेम कमी होत नाही. १९६३ च्या तरुणांना तो विचारायला उसंत नव्हती. १९९२ च्या मुलींना उत्तर मिळवायला कोर्टात जावं लागलं. कॉलेजच्या तीन वर्षांत, एनसीसीच्या मैदानावर, तुम्हाला तेवढा वेळ आहे. घरी आईवडिलांशी, आणि या वाटेने जाऊन आलेल्या एखाद्या अधिकाऱ्याशी, नीट बसून बोला. मग निर्णय घ्या.