शाळेत आणलेली बारूददाणी

दहावीच्या वर्षी शाळेत जुन्या वस्तूंचं प्रदर्शन भरलं होतं, आठवतंय? कुणी पायली-अधोली आणली, कुणी मोडी कागद. मी आणली होती एक वीतभर, वाकडी, पिवळट पांढरी डबी. हाडाची असेल म्हणून तुम्ही सगळ्यांनी नाकं मुरडली. इतिहासाच्या सरांनी मात्र ती खिडकीपाशी नेली, भिंग मागवलं आणि कडेच्या एकमेकींना छेदणाऱ्या बारीक रेषा दाखवल्या. म्हणाले, "हस्तिदंत आहे. बंदुकीच्या दारूची डबी, बारूददाणी."

तेव्हा फारसं डोक्यात शिरलं नाही. पुढं नोकरीनिमित्त पुण्यात असताना राजा दिनकर केळकर संग्रहालयाच्या फेऱ्या झाल्या, थोडं वाचन झालं, तेव्हा उलगडा झाला.

तोड्याच्या बंदुकीला दारू दोन तऱ्हेची लागे. नळीत जाडी, आणि बाहेरच्या कानात टाकायला अगदी बारीक. तिला रंजक म्हणत. चाप ओढला की जळता तोडा रंजकेला टेके, जाळ छोट्या भोकातून आत जाई आणि बार उडे. रंजक दमट झाली की बंदूक म्हणजे नुसती काठी! म्हणून तिची डबी वेगळी, लहान, घट्ट झाकणाची. हस्तिदंत गंजत नाही, लोखंडासारखी ठिणगी पाडत नाही आणि त्यावर कोरीवकाम नाजूक होतं. सतराव्या शतकातल्या मोगल डब्यांवर तर कारागिरांनी कमाल केली आहे. हरणाच्या अंगातून दुसरा प्राणी, त्यातून तिसरा.

बंदुकांच्या दस्त्यांतही हस्तिदंत बसवत. सिंध-राजस्थानकडचे असे दस्ते प्रसिद्ध आहेत. नळीवर सोन्याची तार ठोकून कोफ्तगिरीची वेलबुट्टी काढायची. टिपू सुलतानाच्या बंदुकांवर वाघच वाघ. १७९९ साली श्रीरंगपट्टण पडल्यावर त्यातल्या कितीतरी इंग्लंडला गेल्या. पण ही सगळी शिकारीची, दरबाराची, नजराण्याची हत्यारं. साध्या शिपायाच्या हातात साध्या लाकडाचा दस्ता असे. आपण पोरांनी लढाईच्या चित्रात सगळ्यांनाच नक्षीदार बंदुका दिल्या होत्या, ते सोडा.

आमच्या घरात ती कुठून आली? आजी म्हणे, बाबूजी नाईकांच्या वाड्यातून. कऱ्हेकाठचं हे मोठं सावकारी घराणं. पहिल्या बाजीरावांची बहीण भिऊबाई त्या घरात दिलेली, मोरोपंतांना आश्रय त्यांचाच. पण बारामतीतल्या प्रत्येक जुन्या घरातली प्रत्येक जुनी वस्तू नाईकांच्या वाड्यातूनच आलेली असते! त्यामुळं आजीचं बोलणं मी पुरावा धरत नाही.

डबीच्या टोकाला मान वळवलेलं हरीण होतं. सर म्हणाले होते, चिंकारा असावा. ज्याला मारायचं त्याचंच रूप दारूच्या डबीला. आपल्या सुप्याच्या माळावर १९९७ साली मयूरेश्वर अभयारण्य झालं ते याच चिंकाऱ्यासाठी. तिथं गेलो की मला ती वळलेली मान दिसते.

प्रदर्शन संपलं, डबी घरी आणून फडताळात टाकली. सर काय म्हणाले ते घरी कुणालाच सांगितलं नाही. दिवाळीच्या आवराआवरीत आईनं ती जुन्या लुगड्यांबरोबर देऊन टाकली आणि बदल्यात स्टीलचा डबा घेतला. आईला काय ठाऊक? ठाऊक होतं ते मला. तो डबा अजून आमच्याकडं आहे, त्यात शेंगदाणे असतात.

तुमच्यापैकी कुणाकडं असं काही असेल तर ते विकायला काढू नका. वन्यजीव कायद्यात १९८६ आणि १९९१ साली दुरुस्त्या होऊन हस्तिदंताचा व्यापार बंद झाला आहे. संग्रहालयात दाखवा.

आणि एक विनंती. प्रदर्शनाच्या दिवशी सरांनी आपल्या वर्गातल्या एका मुलीकडून त्या डबीचं चित्र काढून घेतलं होतं, दोन्ही बाजूंनी. बाजूला सरांनी लाल शाईनं मापं लिहिली होती. ती चित्रकलेची वही कुणाच्या माळ्यावर असेल तर मला कळवा. नुसतं पाहून परत देईन.