पायांची आग आणि छापले न गेलेले कागद

मुंबई महापालिकेच्या 2021च्या आरोग्य पाहणीत 18 ते 69 वयाच्या सुमारे 18 टक्के मुंबईकरांची उपाशीपोटीची साखर मधुमेहाच्या पातळीवर आढळली. मधुमेह जुना झाला की अनेकांच्या पायांच्या नसा बिघडतात. रात्री तळपाय पेटतात, मुंग्या येतात, चादर लागली तरी कळ उठते. जोगेश्वरीच्या दवाखान्यात असा रुग्ण आला, तर डॉक्टर ॲमिट्रिप्टिलिन, गॅबापेंटिन, प्रीगॅबालिन किंवा ड्युलोक्सेटिन लिहून देतात. या गोळ्यांवरचा आपला विश्वास कशाच्या आधारावर उभा आहे, हे कागदपत्रांवरून तपासता येते.

सर्वांत जुनी गोळी ॲमिट्रिप्टिलिन. ती मूळची नैराश्यावरची. अमेरिकेत मिचेल मॅक्स आणि सहकाऱ्यांनी 1987 मध्ये 29 रुग्णांना आलटून-पालटून ही गोळी आणि वेदनेचे औषध नसलेली गोळी दिली. खऱ्या गोळीने तोंड कोरडे पडते, त्यावरून रुग्णाने ती ओळखू नये म्हणून दुसरी गोळीही तोंड कोरडे पाडणारीच निवडली होती. तरीही वेदना ॲमिट्रिप्टिलिननेच जास्त उतरली. त्यांच्याच 1992च्या अभ्यासात ॲमिट्रिप्टिलिन घेणाऱ्या 74 टक्के रुग्णांना मध्यम किंवा त्याहून चांगला आराम पडला. याच अभ्यासात औषध नसलेल्या गोळीवरही 41 टक्के रुग्णांना तसाच आराम वाटला होता. म्हणूनच तुलनेशिवाय केलेला दावा वेदनेच्या औषधाबाबत फारसा कामाचा नसतो.

पुढे गॅबापेंटिन आले. अमेरिकेत 1993 मध्ये त्याला मंजुरी मिळाली ती फक्त अपस्मारासाठी. 1998 मध्ये ते बनवणाऱ्या कंपनीच्या पैशाने झालेला 165 मधुमेही रुग्णांचा अभ्यास छापून आला. आठ आठवड्यांत वेदनेचा सरासरी गुण औषधाने 6.4 वरून 3.9 वर आला, तर औषध नसलेल्या गोळीने 6.5 वरून 5.1 वर. हा फरक खरा आहे. पण छापलेला अभ्यास म्हणजे सगळा पुरावा नव्हे, हे पुढे न्यायालयात उघड झाले.

कंपनीत काम केलेल्या डेव्हिड फ्रँकलिन यांनी 1996 मध्ये बॉस्टनच्या न्यायालयात दावा दाखल केला. मंजुरी नसलेल्या आजारांसाठी औषध खपवल्याचा गुन्हा कंपनीने 2004 मध्ये कबूल केला आणि 43 कोटी डॉलरहून अधिक रक्कम भरली. खटल्यांमुळे कंपनीची अंतर्गत कागदपत्रे बाहेर आली. ती वाचून स्वरूप वेदुला, के डिकरसिन आणि सहकाऱ्यांनी 2009 मध्ये हिशेब मांडला. मंजुरीबाहेरच्या वापरासाठी कंपनीने केलेल्या 20 चाचण्यांपैकी 12च छापल्या गेल्या होत्या. त्या 12 पैकी 8 चाचण्यांमध्ये, आधी ठरवलेला मुख्य निकष छापताना वेगळाच दिसत होता. यांत नसांच्या वेदनेवरच्या चाचण्याही होत्या. ज्या चाचण्यांचे निकाल कपाटात राहिले, त्यांतल्या रुग्णांनीही त्रास सोसलाच होता.

हा हिशेब मांडला गेला त्याच वर्षी भारतात एक चांगली गोष्ट घडली. 2007 मध्ये सुरू झालेल्या क्लिनिकल ट्रायल्स रजिस्ट्री ऑफ इंडियामध्ये औषधचाचण्यांची नोंद 15 जून 2009 पासून सक्तीची झाली. चाचणी सुरू होण्याआधीच निकष नोंदलेला असला, की तो नंतर गुपचूप बदलता येत नाही.

महाग आणि स्वस्त गोळ्यांची थेट तुलनाही झाली आहे. चंडीगडच्या पीजीआय संस्थेत 58 रुग्णांनी ॲमिट्रिप्टिलिन आणि ड्युलोक्सेटिन आळीपाळीने सहा-सहा आठवडे घेतले. 2011 मध्ये निकाल आला: चांगला आराम अनुक्रमे 55 आणि 59 टक्क्यांना, म्हणजे जवळपास बरोबरी. तोंड कोरडे पडण्याचा त्रास मात्र ॲमिट्रिप्टिलिनने जास्त झाला. ब्रिटनमध्ये सरकारी पैशाने झालेल्या आणि 2022 मध्ये प्रसिद्ध झालेल्या ऑप्शन-डीएम चाचणीत 130 रुग्णांवर तीन मार्ग तपासले गेले. सुरुवात ॲमिट्रिप्टिलिनने, ड्युलोक्सेटिनने की प्रीगॅबालिनने, यावरून अंतिम आरामात फरक पडला नाही. तिन्ही मार्गांनी वेदनेचा गुण 6.6 वरून 3.3 वर आला.

पुरावा सांगतो तो इतका: कोणतीही गोळी सर्वांची वेदना पुरती घालवत नाही, आणि जुनी, स्वस्त गोळी नव्यांपेक्षा कमी नाही. वृद्धांनी आणि हृदयविकार असलेल्यांनी ॲमिट्रिप्टिलिन डॉक्टरांच्या सल्ल्याशिवाय घेऊ नये. इतरांनी महागडी गोळी सुरू करण्यापूर्वी स्वस्त पर्यायाबद्दल निःसंकोच विचारावे. आणि कोणी चाचणीत भाग घ्यायला सांगितले, तर सहीआधी रजिस्ट्रीचा नोंदणी क्रमांक मागावा. तो रुग्णाचा हक्क आहे.