सदाफुलीची साक्ष

वनस्पतीच्या अंगीं गुण आहे असें लोकांनीं सांगणें आणि तो गुण नेमका कोणता हें प्रयोगशाळेनें ठरविणें, या दोन गोष्टींत किती अंतर असतें, हें सदाफुलीच्या इतिहासावरून चांगलें कळतें. आपल्या परसांत बारमास फुलणारें हें झाड मूळचें मादागास्करचें. पुढें तें जमैकांतही रुजलें आणि त्याच्या पाल्याचा काढा मधुमेहावर गुणकारी आहे, असा समज तेथें रूढ झाला.

इ. स. १९५२ मध्यें जमैकांतील एका रुग्णानें या झाडाचीं २५ पानें कॅनडांतील डॉ. क्लार्क नोबल यांजकडे धाडिलीं. त्यांनीं तीं आपले बंधु रॉबर्ट यांच्या स्वाधीन केलीं. वेस्टर्न ऑन्टारिओ विद्यापीठांत रॉबर्ट नोबल यांनीं पाल्याचा अर्क उंदरांस पाजला. रक्तांतील साखरेंत म्हणण्यासारखा फरक पडला नाहीं. मग अर्क टोंचून पाहिला, तों थोड्याच दिवसांत उंदीर जंतुसंसर्गानें दगावले. तपासणींत आढळलें कीं, त्यांच्या रक्तांतील पांढऱ्या पेशी झपाट्यानें घटल्या असून, त्या जेथें निर्माण होतात ती अस्थिमज्जाही क्षीण झाली होती.

मधुमेहापुरतें पाहतां प्रयोग फसला होता व प्रकरण तेथेंच मिटविणें सोपें होतें. परंतु नोबल यांनीं प्रश्नच बदलला. जें द्रव्य पांढऱ्या पेशींची वाढ खुंटवितें, तें त्याच पेशी बेसुमार वाढविणाऱ्या रक्ताच्या कर्करोगास कां आवरणार नाहीं? १९५४ मध्यें त्यांस येऊन मिळालेले रसायनज्ञ चार्ल्स बीअर यांनीं तें द्रव्य शुद्ध स्वरूपांत वेगळें केलें. १९५८ मध्यें जगापुढें आलेलें हेंच व्हिन्ब्लास्टिन. त्याच सुमारास अमेरिकेंतील एली लिली कंपनीच्या प्रयोगशाळेंत गॉर्डन स्वोबोडा प्रभृति संशोधक स्वतंत्रपणें याच झाडापाशीं पोंचले होते. तेथें मिळालेल्या व्हिन्क्रिस्टिनला १९६३ मध्यें मान्यता लाभली आणि लहान मुलांच्या रक्ताच्या कर्करोगावरील उपचारांत त्यानें कायमचें स्थान मिळविलें.

याचें कार्य असें चालतें. पेशी विभागते तेव्हां गुणसूत्रांचे दोन वांटे दोहों बाजूंस नेण्यासाठीं सूक्ष्म तंतूंची एक चातीसारखी रचना तयार होते. सदाफुलीचें द्रव्य त्या तंतूंच्या घटक प्रथिनास चिकटतें. चाती नीट बनत नाहीं, गुणसूत्रें मध्यावरच खोळंबतात आणि अखेर पेशी मरते. ती पेशी कर्करोगाची कीं निरोगी मज्जेची, हें मात्र त्या द्रव्यास कळत नाहीं. ज्या गुणानें उंदीर मेले, त्याच गुणानें आजारी मुलें वांचलीं. मधल्या काळांत शिकावी लागली ती मात्रा.

‘झाडाचाच पाला तो, त्यानें अपाय कसला?’ असें म्हणून आजही कित्येक मधुमेही सदाफुलीचीं पानें चावून खातात. पानांत कोणतें द्रव्य किती आहे, हें मोजल्यावांचून त्यास औषधही म्हणतां येत नाहीं आणि निरुपद्रवीही म्हणतां येत नाहीं. लोकांच्या समजुतीनें संशोधकांना योग्य झाडापर्यंत नेलें खरें. पण त्या झाडाचा खरा उपयोग त्या समजुतीस ठाऊक नव्हता.